गोगोलचा ओव्हरकोट

कॉलेजात आलो तेव्हा माझ्या अंगावर थोरल्या भावाची, शिंप्याकडून कंबरेत आत घेतलेली पँट होती. कुणी काही म्हणाले नाही. पण पहिले सहा महिने मी मागचे बाक सोडले नाही. म्हणूनच की काय, निकोलाय गोगोलची ‘ओव्हरकोट’ ही कथा मला परदेशातली वाटलीच नाही. मग त्याच्या चरित्राच्या मागे लागलो.

गोगोल १८०९ साली युक्रेनच्या पोल्टावा भागात जन्मला. सोळाव्या वर्षी वडील गेले. १८२८ च्या अखेरीस नशीब काढायला तो राजधानी पीटर्सबर्गला आला आणि पुढे एका सरकारी कचेरीत कारकुनीला लागला. तिथला हिवाळा नदी गोठवणारा; आणि या गृहस्थाने एक अख्खा हिवाळा उन्हाळी कोटावर काढला व थंडीची सवय झाल्याचे आईला कळवले! पत्र वाचून त्या माउलीला काय वाटले असेल?

रशियात तेव्हा सरकारी नोकरांच्या चौदा पायऱ्या होत्या आणि गणवेशावरून हुद्दा कळे. ‘नाक’ (१८३६) या कथेत एका अधिकाऱ्याचे नाक चेहरा सोडून पळते आणि वरच्या हुद्द्याचा गणवेश चढवून शहरभर हिंडते. मालकाला स्वतःच्याच नाकाशी बोलायचा धीर होत नाही, कारण त्याच्या टोपीला पिसांचा तुरा!

‘ओव्हरकोट’ १८४२ ची. तिचे मूळ गोगोलचा स्नेही आनेन्कोव याने सांगून ठेवले आहे. एका गरीब कारकुनाने पोटाला चिमटा घेऊन बंदूक घेतली आणि पहिल्याच शिकारीला ती पाण्यात पडली, असा किस्सा मित्रांत निघाला. सारे हसले. गोगोल मान खाली घालून ऐकत राहिला. कथेत त्याने बंदुकीचा कोट केला, आणि मला तर हा बदलच सर्वांत मोलाचा वाटतो. बंदूक ही हौस. ती नसली तर कुणाला कळत नाही. विरलेला कोट रोज कचेरीत चारचौघांना दिसतो. आकाकीचा पगार वर्षाला चारशे रूबल, कोट ऐंशीचा. तो संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावत नाही, बुटांचे तळ झिजू नयेत म्हणून चवड्यांवर चालतो. कॉलरला भारी फर परवडत नाही, म्हणून मांजराची लावतात. लांबून ती भारीच दिसते. नवा कोट येताच, रोज छळणारे सहकारी अभिनंदन करतात, मेजवानीला बोलावतात. त्याच रात्री परतताना चोर कोट हिसकावून नेतात.

गोगोलला स्वतःलाही कपड्यांचा भलताच सोस. १८३९ मध्ये स्नेही आक्साकोव अचानक खोलीत शिरला, तेव्हा हे महाशय डोक्यावर बायकांचा जरीचा मखमली टोप घालून लिहीत होते. आमच्या टिपणांत हे येत नाही!

१८५२ साली मॉस्कोत, ‘डेड सोल्स’च्या दुसऱ्या भागाचे हस्तलिखित जाळल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. मागे राहिलेल्या चीजवस्तूंची मोजदाद झाली, किंमत ठरली ४३ रूबल ८८ कोपेक. त्यात बहुतेक जुने, वापरलेले कपडे होते.