क्षीण संदेशांचे साधक : जगदीशचंद्र बोस

मनगटावरचे छोटेसे यंत्र नाडीचे ठोके मोजते आणि खिशातील मोबाइलला कळवते. दोहोंमध्ये तार मात्र नसते. धसईसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावीही आता याचे नवल वाटत नाही. हा बिनतारी संदेश वाहून नेणाऱ्या अदृश्य विद्युत्‌चुंबकीय लहरींचा अभ्यास आपल्या देशात प्रथम ज्यांनी केला, त्यांत जगदीशचंद्र बोस अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी बंगालमध्ये झाला. वडील सरकारी अधिकारी असूनही त्यांनी मुलाला इंग्रजी शाळेत न पाठवता मातृभाषेच्या शाळेत घातले. तेथे कोळ्यांची व शेतकऱ्यांची मुले त्यांचे सोबती झाली. त्यांच्या तोंडून पशुपक्ष्यांच्या गोष्टी ऐकता ऐकता सृष्टीविषयीचे कुतूहल जागे झाले.

इंग्लंडमधील शिक्षण आटोपून 1885 साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथे भारतीय अध्यापकांना इंग्रजांहून कमी वेतन मिळे. घरावर कर्ज होते. तरीही जगदीशचंद्रांनी तीन वर्षे वेतन घेतले नाही आणि अध्यापनात तसूभरही कसूर केली नाही. अखेर सरकारने त्यांना मागील सर्व वेतन पूर्ण दराने दिले.

संशोधनासाठी साधने तुटपुंजी होती. स्थानिक कारागिराच्या साहाय्याने उपकरणे घडवून त्यांनी सुमारे 5 मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या. 1895 साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली व बंदुकीची दारू उडवून दाखवली. परंतु दुरून येणारी लहर अत्यंत क्षीण असते. ती टिपणे हे खरे कठीण काम. त्यासाठी त्यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा उपयोग केला. 1904 साली त्याचे अमेरिकन पेटंट त्यांना मिळाले. पण त्यातून धन मिळवण्याचा मोह त्यांनी धरला नाही.

पुढे ते सजीवांकडे वळले. वनस्पतीची डोळ्यांना न दिसणारी वाढ सहस्रावधी पटींनी मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी बनवले. 1917 साली त्यांनी कलकत्त्यात संशोधनसंस्था स्थापली. 23 नोव्हेंबर 1937 रोजी त्यांचे निधन झाले.

आजचे अंगावरील यंत्र त्यांनी बनवले नाही. तरी त्यांच्या आयुष्यातील दोन्ही ध्यास त्यात एकत्र आलेले दिसतात : देहातील सूक्ष्म हालचाल टिपणे आणि ती लहरींवरून कळवणे. त्याची विजेची शिदोरी चिमुकली असते. म्हणून ते बहुतेक वेळ निद्रिस्त राहते, क्षणभर जागे होऊन वॅटच्या सुमारे हजाराव्या भागाइतक्या शक्तीने चार आकडे कळवते आणि पुन्हा निजते. एवढी मंद हाक ऐकू येते, कारण पलीकडचा कान तीक्ष्ण असतो. असा तीक्ष्ण कान घडवण्यासाठीच जगदीशचंद्र झटले होते.