तोफा वितळवणारा सायकलवाला

समजा, नांद्यात तुमच्या आजोबांच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिच्यात ताडपत्रीखाली एक जुनी फियाट उभी आहे, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेली. चारही टायर बसलेले, पत्रा खालून गंजलेला, बॉनेट उघडलं तर आत उंदरांचा संसार. परीक्षा संपली आहे आणि तुम्ही व तुमचा चुलतभाऊ ती गाडी चालू करायचं मनावर घेता. कार्ब्युरेटर साफ होईपर्यंत दोघांचं छान जमतं. भांडण होतं ते त्यानंतर. त्याला गाडी होती तशीच हवी असते. तोच रंग, स्टिअरिंगशेजारची तीच गिअरची दांडी. तुम्हाला हवेत अलॉय व्हील्स, डिस्क ब्रेक आणि जमलंच तर दुसरं इंजिन.

कायदा विचाराल तर तो भावाच्या बाजूचा. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची असेल, तर ती मूळ रूपातच असावी लागते. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेत की ती संधी गेली. पण कायदा बाजूला ठेवा. जुनं यंत्र जपायचं की बदलायचं, हा प्रश्न आला की मला आठवतात लक्ष्मणराव किर्लोस्कर.

हे नाव ऐकलं की तुमच्या डोळ्यांपुढे विहिरीवरचा पंप नाहीतर डिझेल इंजिन येईल. ते सगळं नंतरचं. मी म्हणतोय ते बेळगावातल्या सायकलच्या दुकानातले लक्ष्मणराव.

बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला २० जून १८६९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक, आणि पोराचं मात्र शाळेच्या पुस्तकात लक्ष नाही. त्याला चित्रं काढायची होती आणि यंत्रं बघायची होती. थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जाता आलं. तिथं दोन वर्षांत कळलं, की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला हे कळणं म्हणजे काय, याची कल्पना करा. रंगांचा नाद सुटला, पण रेषा हातात राहिली. यंत्रांची ड्रॉइंग्ज काढायला रंग लागत नाहीत. त्या रेषेच्या जोरावर ते आज आपण व्हीजेटीआय म्हणतो त्या संस्थेत ड्रॉइंग शिकवायला लागले. शिकवून झालं की उरलेला वेळ संस्थेच्या वर्कशॉपमध्ये. मास्तरच तिथला सगळ्यात चिवट विद्यार्थी!

त्या दिवसांत सायकल हे नवलाचं वाहन होतं, आजच्या स्पोर्ट्स कारसारखं. लक्ष्मणरावांनी सायकलींची माहिती काढली आणि धंद्याचा मेळ घातला. ते मुंबईहून सायकल पाठवणार, रामुअण्णा बेळगावात विकणार, आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवणार. या दुकानाचं साल १८८८. पुढे नोकरीत त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. ज्या रस्त्यावर दुकान होतं त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

आता दुकान म्हटलं तर शोरूम डोळ्यांपुढे आणू नका. सायकल मोडली की पार्ट सातासमुद्रापलीकडून यायचा. वाट बघत बसणं परवडणारं नव्हतं. मग कानस घ्या, मोजा, घासा, बसवून बघा. नाही बसला तर पुन्हा घासा. तुमच्या शेडमध्ये फियाटचा एखादा बुश मिळत नाही आणि तुम्ही लेथवाल्याच्या दारात नमुना घेऊन उभे राहता, अगदी तसं. फरक इतकाच, की यांनी लेथच घेतला.

गंमत पाहा, त्याच काळात अमेरिकेत डेटन गावी राइट बंधू सायकलीच दुरुस्त करत होते, आणि इंग्लंडमध्ये हेन्री रॉईसनं एक सेकंडहँड फ्रेंच गाडी विकत घेतली, खोलली, तिच्यातलं काय काय पटत नाही ते पाहिलं आणि १९०४ साली स्वतःची गाडी रस्त्यावर आणली. रॉईसला गाडी सुचली, राइट बंधूंना विमान. लक्ष्मणरावांच्या दुकानाबाहेर मात्र शेतकरी उभा होता. म्हणून त्यांना सुचलं कडबा कापायचं यंत्र, आणि मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लाकडी नांगर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. लोखंड जमिनीत घातलं तर माती विषारी होईल, असं लोक मानायचे. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपण एखादी रील टाकली आणि दोन तासांत लाइक्स आले नाहीत तर डिलीट करतो.

जम बसतोय असं वाटतं न वाटतं तोच नगरपालिकेनं गावाच्या विस्तारासाठी त्यांना जागा सोडायला सांगितली. चाळिशी ओलांडलेला माणूस, अर्धवट उभा राहिलेला कारखाना आणि जायला ठिकाण नाही. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. ते स्वतः चित्रकार होते. रेषेची ओळख रेषेला पटली असावी, असं मला उगाच वाटतं. त्यांनी दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ दिला. माळ कसला, निवडुंग आणि साप. १० मार्च १९१० ला तिथं किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. रखवालीला त्यांनी शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्याच हाती कारखान्याची राखण!

आणि आता तुमच्या भांडणाशी येऊ. १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि लोखंड मिळेनासं झालं. नांगराला मागणी आहे, पण ओतायला धातू नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या निकामी झालेल्या जुन्या तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. त्या भट्टीत गेल्या आणि त्यांचे नांगर झाले.

हे वाचून तुमच्या पोटात गलबललं का? माझ्या गलबलतं, खोटं कशाला बोलू. किल्ल्यावर ट्रेकला गेल्यावर आपण तोफेवर हात फिरवतो, फोटो काढतो. त्या तोफा आज असत्या तर? पण शाहू महाराजांपुढे आणि लक्ष्मणरावांपुढे तोफ नव्हती, नांगराविना अडलेला शेतकरी होता. गडाचा वारसा त्या राजाला आपल्यापेक्षा कमी कळत होता, असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. तरीही एखादी तोफ मागे ठेवली असती तर बरं, असं मन म्हणतंच.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. तोवर मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून इंजिनिअर होऊन आला होता आणि पुण्यात खडकीला डिझेल इंजिनं बनू लागली होती.

तर मग फियाट. तुमच्यापुढे दुष्काळ नाही, युद्ध नाही, आणि अलॉय व्हील्सविना कुणी उपाशी राहत नाही; त्यामुळे माझं मत भावाला. पण शेड तुमची, निर्णय तुमचा. ब्रेक बदलायचेच असतील तर आरटीओत विचारून बदला. आणि जे जे काढाल, गिअरची दांडी, जुन्या चाकांच्या वाट्या, हेडलाइटची कडी, ते भंगारवाल्याला देऊ नका. ग्रीस लावा, गोणपाटात गुंडाळा, कुठल्या भागाला कुठला बोल्ट ते कागदावर चित्र काढून सोबत ठेवा, आणि माळ्यावर टाका.