अंतःकरण जाणणारा देव आणि वसईचे संत गोन्सालो



भाईंदरची खाडी ओलांडली की नायगाव आणि त्यापुढचे स्टेशन वसई रोड. त्याच वसईत सुमारे १५५७ साली संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथल्याच मातीतली. किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंकडे ते शिकले आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी लवकर आत्मसात केली व धर्मशिक्षक म्हणून कित्येक वर्षे सेवा केली.

येशूसंघात बंधू व्हावे ही त्यांच्या मनीची आस होती. ती पूर्ण झाली नाही. मग त्यांनी व्यापार केला. त्यात जमही बसला. पण मन रमेना. अखेर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले आणि १५९३ साली दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले.

प्रेषितांच्या कृत्यांत यहूदाची जागा भरताना दोघांची नावे पुढे आली. सर्वांची हृदये जाणणाऱ्या प्रभूची प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. मथियाची निवड झाली. योसेफ बर्सबाचे नाव नव्या करारात पुन्हा येत नाही. पण ज्या प्रभूने मथियाचे हृदय पाहिले, त्याने बर्सबाचेही पाहिलेच होते. अंजिराच्या झाडाखालच्या नथनाएलाला येशूने हाक मारण्याआधीच ओळखले होते, तसेच हे.

गोन्सालोंचे मनही देवाला ठाऊक होते. डिसेंबर १५९६ मध्ये त्यांना अटक झाली. डाव्या कानाचा तुकडा कापून, कडाक्याच्या थंडीत सर्वांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी टेकडीवर २६ जणांना क्रुसावर मारले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन येशूसंघीय होते आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. ज्या संघात गोन्सालोंना जागा मिळाली नाही, त्याचे बंधू मरणात त्यांचे सोबती झाले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

आपल्या धर्मग्रामातही कुणाचे नाव यादीत येत नाही, कुणाचे व्रतस्थ होण्याचे स्वप्न घरच्या आजारपणात राहून जाते. माणसे निकाल पाहतात, देव मूळ इच्छा पाहतो. ती इच्छा आपण विझू देऊ नये. त्यासाठी संत गोन्सालो यांनी आपल्याकरिता विनंती करावी. आमेन.