समुद्राचा हिशेब मागणारा वकील

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, बंदराच्या जमिनीत नवे नगर वसविण्याचे आराखडे निघतात, तेव्हा वीर नरिमन यांचे स्मरण व्हावे. १८८३ साली ठाण्यात जन्मलेले खुर्शेद फ्रामजी नरिमन पेशाने वकील. गव्हर्नर लॉइड यांच्या कारकीर्दीत १९२० साली डेव्हलपमेंट खाते निघाले. नायगाव, वरळी येथील कामगारांच्या बीडीडी चाळी याच खात्याच्या. त्या अजून उपयोगी पडल्या म्हणायच्या. बॅकबेत भर घालून ११४५ एकर जमीन काढण्याचा त्याचा बेत मात्र फसला. बंधाऱ्याच्या फटींतून गाळ पुन्हा समुद्रात जाई, खर्च तेवढा वाढे. नरिमन यांनी हा कारभार चव्हाट्यावर आणला. खात्यातील हार्वे नामक अधिकाऱ्याने अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली. नरिमन निर्दोष सुटले. १९३५ मध्ये ते महापौर झाले. १९३७ साली प्रांताचे मुख्य मंत्रिपद बाळासाहेब खेरांकडे गेले, तेव्हा नरिमन यांनी सरदार पटेलांना दोष दिला. चौकशीचा निकाल विरुद्ध गेला आणि काँग्रेसमधील त्यांचे स्थान संपले. परक्या सरकारशी झुंजण्यापेक्षा हे दुःख मोठे असावे. १९४८ साली दिल्लीत ते निवर्तले. पुढे त्याच बॅकबेत आणखी भर पडली, कचेऱ्या, हॉटेले, नाट्यगृहे उभी राहिली, आणि त्या भूमीला नाव मिळाले नरिमन पॉइंट.