जनरल जगन्नाथराव भोसले

नंदुरबारचे हुतात्मा स्मारक तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्याच महिन्यात, दूर सिंगापूरमध्ये, इंग्रजांविरुद्ध लढण्यासाठी हिंदी सैनिकांची एक फौज उभी राहत होती. तिचे नाव आझाद हिंद सेना. तिच्या मोठ्या अधिकाऱ्यांपैकी एक आपल्या महाराष्ट्रातले होते. त्यांचे नाव जगन्नाथराव भोसले.

जगन्नाथरावांचा जन्म १९०६ मध्ये कोकणातील तिरोडे या गावी झाला. हे गाव तेव्हा सावंतवाडी संस्थानात होते. आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. लष्करी शिक्षणासाठी ते प्रथम देहरादूनला आणि नंतर इंग्लंडमधील सँडहर्स्टला गेले. सँडहर्स्टला हिंदी तरुणांसाठी फार थोड्या जागा असत. तेथे शिकलेले काही हिंदी अधिकारी पुढे स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख झाले. जगन्नाथरावांचीही वाट तीच होती. पण युद्धाने ती बदलली.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले. ४०,००० हून अधिक हिंदी सैनिक युद्धकैदी झाले. लेफ्टनंट कर्नल भोसले त्यांच्यात होते. आता प्रत्येक कैद्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. इंग्लंडच्या राजाशी इमान राखण्याची शपथ त्याने घेतली होती. सैनिकाने शपथ मोडावी का? आणि आपला देशच गुलाम असेल, तर ती शपथ खरी कोणाची? तुम्ही असता तर काय केले असते, याचा क्षणभर विचार करा. कैद्यांपैकी अनेकांनी शपथ पाळली आणि छावणीतले हाल सोसले. त्यांना भित्रे म्हणता येणार नाही. भोसले यांनी दुसरी वाट धरली.

सुभाषचंद्र बोस यांनी २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूरला आझाद हिंद सरकार स्थापन केले. त्या सरकारात सैन्याचे प्रतिनिधी म्हणून भोसले होते आणि शाहनवाज खान, अझीझ अहमद, एहसान कादिर हेही होते. या सेनेचे ब्रीद तुम्हांला शब्दकोश न उघडता समजेल : इत्तेहाद, एतमाद, कुर्बानी. भोसले मेजर जनरल झाले. सेनेची उभारणी, कवायत आणि कारभार यांचा मोठा भार त्यांच्यावर होता.

सेना हरली. इंफाळ आणि ब्रह्मदेशातील लढाईत उपासमार आणि रोगराई यांनी तिचे फार सैनिक दगावले. १९४५ मध्ये जपान शरण गेला आणि भोसले पुन्हा कैदी झाले, या वेळी इंग्रजांचे. दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला चालला. सारा देश खवळून उठला आणि त्या तिघांना सोडावे लागले. पुढे भोसलेही सुटले.

देश स्वतंत्र झाला. तरी आझाद हिंद सेनेच्या लोकांना भारतीय लष्करात परत घेतले गेले नाही. ज्या देशासाठी त्यांनी शपथ मोडली, त्याच देशाच्या फौजेत त्यांना जागा नव्हती. मला तरी हा त्यांच्यावरचा अन्याय वाटतो. वयाच्या चाळिशीत, आयुष्यभर शिकलेले एकच काम हातातून गेलेल्या माणसाने काय करावे?

भोसले निवडणुकीला उभे राहिले. १९५२ मध्ये ते रत्नागिरी जिल्ह्यातून काँग्रेसचे खासदार म्हणून लोकसभेत गेले. शाहनवाज खानही त्याच वर्षी मेरठहून निवडून आले. भोसले यांना पुनर्वसन खात्याचे उपमंत्री करण्यात आले. फाळणीमुळे घरदार सोडून आलेल्या लाखो माणसांना पुन्हा उभे करणे, हे त्या खात्याचे काम होते.

दिल्लीत कस्तुरबा निकेतन नावाची संस्था होती. तेथे निर्वासित स्त्रिया आणि त्यांची मुले राहत. कोणाचे वडील गेलेले, कोणाचे घर गेलेले. अशा मुलांना वळण लावणे फार कठीण जात होते. १९५४ मध्ये भोसले यांनी येथेच मुलांसाठी एक योजना सुरू केली. हिला राष्ट्रीय शिस्त योजना म्हणत. व्यायाम, कवायत, राष्ट्रगीत, थोरांच्या गोष्टी, आणि आपले काम आपण वाटून घेऊन करण्याची सवय, असे तिचे स्वरूप होते. मुलांच्या हाती बंदूक मात्र नव्हती.

‘कवायत’ हा शब्द तुमच्या उर्दूतल्या ‘कवायद’चाच भाऊ आहे. तुम्ही व्याकरणालाही कवायद म्हणता. कवायद म्हणजे नियम. शब्द नियमाने जुळले की वाक्य होते. कस्तुरबा निकेतनच्या मैदानावर मुलांच्या रांगा तशाच जुळू लागल्या.

योजना दिल्लीबाहेर इतर राज्यांच्या शाळांत पसरली. शिक्षक तयार करण्यासाठी राजस्थानात सारिस्का येथे केंद्र निघाले. १९५७ नंतर उपमंत्रिपद राहिले नाही, तरी भोसले यांनी हे काम सोडले नाही. १४ मे १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. १९६५ मध्ये त्यांची योजना शाळांच्या शारीरिक शिक्षणाच्या नव्या कार्यक्रमात मिसळून गेली आणि तिचे जुने नाव मागे पडले.

मुंबईत मंत्रालयाजवळ एका रस्त्याला जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग असे नाव आहे. यशवंतराव चव्हाण सेंटर याच रस्त्यावर आहे, आणि विधानभवनही तेथून फार दूर नाही. मुंबईला गेलात तर रस्त्याच्या नावाची पाटी शोधा.