सत्तावन्न किलोचा हिशेब

चैत्र लागला की सातारा-सांगलीकडं जत्रांचा हंगाम सुरू होतो. गावोगाव कुस्त्यांची मैदानं भरतात आणि मैदानाच्या कडेला, जिथं फेटेवाली जुनी मंडळी मांडी ठोकून बसलेली असतात, तिथं एक वाद हमखास रंगतो. पूर्वीचे मल्ल ते मल्ल, आताच्या पोरांत तो दम नाही, असं आजोबांचं म्हणणं. नातू खिशातला मोबाइल काढतो आणि ऑलिंपिकमधली कुस्ती दाखवून आजोबांना गप्प करू बघतो. आजोबा गप्प बसत नाहीत. बसणारही नाहीत, कारण ते आठवण काढत असतात दोन मणांच्या गड्याची आणि नातू दाखवत असतो तो असतो चपळ, सडसडीत पोरगा.

तुलना करायचीच तर वजन सारखं हवं, कुस्तीचा प्रकार सारखा हवा आणि पदकही सारखं हवं. तसं उदाहरण आता आपल्या हाताशी आहे. जुलै १९५२ मध्ये हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी फ्रीस्टाइलच्या ५७ किलो गटात ब्राँझपदक मिळवलं. ९ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला हरियाणाच्या अमन सेहरावतनं ५७ किलो फ्रीस्टाइलमध्येच ब्राँझपदक मिळवलं. मध्ये बहात्तर वर्षं गेली. योगायोग असा, की दोघांनाही त्या त्या वर्षीच्या जपानी सुवर्णविजेत्यानं हरवलं होतं. खाशाबांना शोहाची इशीनं, अमनला रेई हिगुचीनं.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच मुलांतलं हे शेंडेफळ. कृष्णा-कोयनेच्या त्या मुलखात तेव्हा शेतकऱ्याच्या घरी तालीम ही काही वेगळी गोष्ट नव्हती. जोर, बैठका, लाल मातीत घोळणं आणि परवडेल तेवढं दूध, असं ते शिक्षण. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शाळा झाली आणि पुढं कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिलेलं गाव. पण खाशाबांची चण लहान. मैदानात शेवटच्या मोठ्या कुस्तीला जो गडी उतरतो, तसं त्यांचं रूप नव्हतं. त्यांच्याकडं होती ती चपळाई आणि ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान कवेत घेऊन त्याला असा फेकायचा, की त्याला कळायच्या आत आभाळ दिसावं.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला आणि बावीस वर्षांचे खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. तिथं त्यांनी पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवला म्हटलं तरी चालेल. आजच्या वाचकाला यातली अडचण चटकन कळणार नाही. ताक, तेल, हळद घालून मळलेली आपली हौद्याची माती अंगाला चिकटते, पकड घट्ट करते, पाय थोडा रुतू देते. मॅटवर पाय कुठं रुतत नाही आणि घामानं पकड निसटते. मातीतल्या कुस्तीत गुण नसतात, चितपट हाच निकाल. मॅटवर पंच कागद घेऊन बसलेले. एवढं सगळं नवं असताना ५२ किलो गटात खाशाबा सहावे आले. तिथं रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लानं त्यांना मॅटवरच्या कुस्तीचे धडे दिले. गावी परतल्यावर खाशाबांनी मेहनत दुपटीनं वाढवली. चार वर्षांत वजन ५२ वरून ५७ च्या गटात गेलं.

हेलसिंकीसाठी निवड मात्र सरळ झाली नाही. मद्रासच्या स्पर्धेत एका गुणानं आपल्याला मुद्दाम मागं ठेवलं, अशी त्यांची तक्रार होती. ते थेट पतियाळाच्या महाराजांकडं गेले. महाराजांनी निरंजन दासशी पुन्हा कुस्ती लावली आणि खाशाबांनी त्याला चितपट केलं. निवड झाली, पण तिकिटाचे पैसे? सरकारकडून पुरेशी मदत आली नाही. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली, दुकानदारांनी हातभार लावला, तरी रक्कम भरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले.

माझी उमर बँकेत गेली. घर तारण ठेवण्याचे कितीतरी अर्ज माझ्या टेबलावरून गेले. विहिरीसाठी, मुलीच्या लग्नासाठी, धाकट्या भावाच्या दुकानासाठी. दुसऱ्याच्या मुलानं परदेशी जाऊन कुस्ती खेळावी म्हणून घर तारण ठेवणारा अर्जदार मला भेटला नाही. भेटला असता तर मी काय शेरा मारला असता, हे न सांगितलेलंच बरं.

हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको, जर्मनी अशा देशांच्या मल्लांना खाशाबांनी पाडलं. मग इशीशी झालेली कुस्ती लांबली आणि थोडक्यात गेली. तेव्हाच्या कुस्त्या पंधरा मिनिटांपर्यंत चालत. रशियाच्या मामेदबेकोव्हशी खेळण्याआधी नियमानं मिळणारी अर्ध्या तासाची विश्रांती त्यांना मिळाली नाही आणि त्यांच्या बाजूनं भांडायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता, अशी हकिकत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. तो इशी जपानचा त्या ऑलिंपिकमधला एकमेव सुवर्णविजेता ठरला, यावरून खाशाबा कुणाशी झुंजले याची कल्पना यावी.

आता अमनकडं पाहा. उपांत्य फेरीत हिगुचीनं त्याला दहा-शून्य असं झटपट हरवलं. त्या रात्री त्याचं वजन ६१ किलोंच्या वर गेलेलं होतं आणि सकाळी ते ५७ च्या आत यायला हवं होतं. प्रशिक्षकांनी रात्रभर त्याला जागवलं, पळवलं, घाम काढला आणि दहा तासांत साडेचार किलोंहून जास्त वजन उतरवलं. दोनच दिवसांपूर्वी विनेश फोगाट शंभर ग्रॅमनं बाद झाली होती. अशा रात्रीनंतर एकवीस वर्षांच्या त्या अनाथ पोरानं पोर्टो रिकोच्या मल्लाला तेरा-पाच असं हरवलं. यात दम नाही असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं खुशाल म्हणावं.

माझं स्पष्ट मत आहे की १९५२ चे खाशाबा आहेत तसे पॅरिसच्या मॅटवर उतरवले तर ते हरतील. तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांत गुण कसे खेचायचे आणि कसे राखायचे याचं शास्त्र आता फार पुढं गेलं आहे. पण अमनच्या रात्री त्याच्याभोवती माणसं होती. खाशाबांना अर्धा तास मागून देणारं कुणी नव्हतं. ताकदीपेक्षा हा फरक मला मोठा वाटतो.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्या माणसांनी मनावर घ्यावी अशी आहे. खाशाबा गेले तेव्हा सांगली जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं. त्याच मातीतून पुढं कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दोघांनीही सोनं आणलं, दोघंही हिंदकेसरी झाले. पण दोघंही वजनदार गटातले. आपल्याकडं मानाची गदा, मोठा इनाम आणि हल्ली मोटारगाडी, सगळं मिळतं ते वरच्या गटाला. सत्तावन्न किलोचं पोरगं दुपारच्या उन्हात लढतं, तेव्हा निम्मं मैदान अजून यायचं असतं. बीडच्या राहुल आवारेनं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण मिळवलं, तरी जत्रेतल्या वादात त्याचं नाव कितीदा निघतं? खाशाबांचे पुतळे आपण उभारले, त्यांच्या वजनाची कदर मात्र केली नाही.

पदकानंतरही त्यांच्या वाट्याला फार काही आलं नाही. १९५५ साली ते मुंबई पोलिसांत सब-इन्स्पेक्टर झाले. सत्तावीस वर्षं नोकरी करून असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले आणि मग पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल धरायला बोलावलं, एवढं खरं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात ते गेले. स्वतंत्र भारताचं दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९९६ साली लिअँडर पेसनं आणलं, कुस्तीतलं दुसरं २००८ साली सुशीलकुमारनं. अर्जुन पुरस्कार खाशाबांना मिळाला तो २००० साली. महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेची वाट पाहावी लागली. पॅरिसमध्ये, नेमबाजीत, अमनच्या आधी आठवडाभर.

हेलसिंकीहून परतल्यावर कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. पंधरा मिनिटांच्या वाटेला सात तास लागले. हारतुरे झाले, सत्कार झाले. त्यानंतर खाशाबांनी ठरवून कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः त्यांत लढले, आणि जमलेल्या पैशांतून प्राचार्य खर्डेकरांचं घर सोडवून दिलं.