शिक्षकांना घडविणारे संत : जॉन बाप्टिस्ट द ला साल

दरवर्षी ७ एप्रिल रोजी ख्रिस्तसभा शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बाप्टिस्ट द ला साल यांचे स्मरण करते. गरिबांच्या शाळांचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु शाळेच्या आधी शिक्षक घडवावा लागतो, हे त्यांनी जाणले होते आणि त्यासाठी त्यांनी पुष्कळ सोसले. त्यांच्या जीवनाचा हा पैलू आज आपण पाहू या.

३० एप्रिल १६५१ रोजी फ्रान्समधील रेम्स शहरी, एका सधन व प्रतिष्ठित घराण्यात त्यांचा जन्म झाला. वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्याआधीच त्यांना कॅथेड्रलमधील कॅननचे मानाचे पद लाभले. १६७२ पर्यंत मातापित्यांचे छत्र हरपले व धाकट्या भावंडांचा भार त्यांच्यावर आला. १६७८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढण्याकरिता आद्रियाँ नियेल हे गृहस्थ रेम्सला आले. त्यांना साहाय्य करता करता ला साल यांच्या ध्यानात आले की, शाळा उघडल्या तरी शिक्षक अर्धशिक्षित व विस्कळीत जीवन जगणारे आहेत. या शिक्षकांना आपण प्रारंभी आपल्या सेवकाहूनही कमी लेखत होतो, अशी कबुली त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. तरीही १६८१ साली त्यांनी या शिक्षकांना आपल्या घरी राहावयास आणले. नातलग रुष्ट झाले. १६८३ मध्ये त्यांनी कॅननपदाचा त्याग केला आणि पुढील हिवाळ्यातील दुष्काळात आपली संपत्ती गरिबांना वाटून टाकली. या शिक्षकांमधूनच ‘ख्रिस्ती शाळांचे बंधू’ हा संघ उदयास आला.

लवकरच खेड्यांतील धर्मगुरू शिक्षकांची मागणी करू लागले. खेड्याला एकाच शिक्षकाचा खर्च पेलत असे. बंधूंना मात्र एकेकटे पाठवावयाचे नाही, असा संघाचा नियम होता. म्हणून ला साल यांनी रेम्स येथे खेड्यांतील शिक्षकांसाठी स्वतंत्र विद्यालय सुरू केले. युरोपातील अगदी आरंभीच्या अध्यापक विद्यालयांत त्याची गणना होते.

तेथील विद्यार्थ्यांचे जीवन कसे होते? १६९० च्या सुमारास बंधूंच्या पोशाखावरून वाद उद्भवला, तेव्हा ला साल यांनी स्वहस्ते एक निवेदन लिहिले. त्यात या विद्यालयाचे मोजक्या शब्दांत वर्णन आढळते. विद्यार्थी बंधूंपासून वेगळ्या घरात राहत. त्यांचा पोशाख सर्वसामान्य लोकांसारखाच, फक्त काळा किंवा गडद तपकिरी. गळ्याशी पांढरी पट्टी आणि केस आखूड. गायन, वाचन व लेखन त्यांना उत्तम रीतीने शिकविले जाई. निवास, भोजन, एवढेच नव्हे तर कपड्यांची धुलाईदेखील विनामूल्य असे. भक्ती आणि अध्यापन या दोन्हींत पूर्ण तयारी होईपर्यंत काही वर्षे ते तेथे राहत. नंतर त्यांना एखाद्या गावी नेमले जाई. तेथे ते चर्चच्या कामातही धर्मगुरूंना साहाय्य करीत. त्यानंतर त्यांच्यावर संघाचे कोणतेही बंधन उरत नसे. मात्र आध्यात्मिक साधनेसाठी परत येण्याची त्यांना मुभा असे. सर्व काही विनामूल्य द्यावे आणि मोबदल्यात हक्क सांगू नये, ही वृत्ती आपल्याला या वर्णनातून दिसते.

हे विद्यालय थोड्याच वर्षांत बंद पडले. १६९९ मध्ये पॅरिसमध्ये दुसरे सुरू झाले. त्याची धुरा निकोला व्ह्युयार या बंधूकडे होती. १६९१ साली संघ टिकविण्यासाठी, प्रसंगी भिक्षा मागून केवळ भाकरीवर जगण्याचे व्रत ला साल यांच्यासह ज्या दोघांनी घेतले, त्यांपैकी हा एक. विद्यालयासाठी ठेवलेली देणगी त्याने स्वतःची म्हणून राखून घेतली आणि १७०५ च्या सुमारास तेही बंद झाले. तिसऱ्या प्रयत्नात सेंट डेनिस येथे घर घेतले गेले. पण त्या व्यवहारावरून खटला उभा राहिला व १७१२ मध्ये निकाल ला साल यांच्या विरोधात गेला. व्यथित मनाने ते दक्षिण फ्रान्समध्ये राहिले. १७१४ साली बंधूंनी पत्र पाठवून त्यांना परत बोलाविले आणि त्यांनी ती आज्ञा मानली. ७ एप्रिल १७१९ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, रुआँ येथे त्यांनी देह ठेवला.

१९०० साली त्यांना संतपद बहाल झाले आणि १९५० मध्ये परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते घोषित केले. त्यांनी काढलेली ही विद्यालये एकामागून एक बंद पडली. परंतु शिक्षकालाही शिक्षण हवे, हा त्यांचा विचार आज जगभर रुजला आहे. आपल्या कार्याचे फळ दिसत नाही म्हणून खचणाऱ्या शिक्षक बंधुभगिनींसाठी या संताच्या मध्यस्थीने आपण प्रार्थना करू या.